पालकाला घरात कोंडू नका

पालकाचे बी घरात, खिडकीपाशी, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून पेरायचे आणि रोपे चार पानांची झाली की बाहेर मातीत लावायची, असे शिकवणाऱ्यांनी नागऱ्यात येऊन हे शिकवणे बंद करावे. मी हे पूर्ण विचार करून लिहिते आहे. गोंदियाहून बालाघाटकडे निघाले की थोड्याच अंतरावर आमचे गाव लागते. इथे घरामागे सांदवाडी, म्हणजे परस, आहे, गोठ्यात शेण आहे, आणि कोजागिरीपासून महाशिवरात्रीपर्यंत पालकाला मानवते अगदी तशी हवा आहे. अशा गावात बी उचलून घराच्या अंधारात नेऊन ठेवा म्हणणे हा अडाणीपणा आहे. तो पडद्यावर रंगीत चित्रे दाखवून सांगितला जातो, म्हणून जास्त घातक आहे.

परसबागेच्या एका प्रशिक्षणात मी हे सगळे कानांनी ऐकले आहे. शिकवणारे गृहस्थ तरुण होते, बोलण्यात चलाख होते. त्यांनी बायकांना ट्रे दाखवले, कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून दाखवली, आणि मग सांगितले, "ताई, बाहेरची थंडी ओसरेपर्यंत रोपे घरातच ठेवा, हळूहळू उन्हाची सवय लावा, मग लावा." बाहेरची थंडी ओसरेपर्यंत! गोंदियात पालकाचा हंगामच थंडीचा. इथली थंडी ओसरली की पालक संपतो. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरात यात्रा भरते, त्या सुमारास दिवस मोठा झालेला असतो, ऊन तापू लागते आणि सांदवाडीतला पालक दांडा धरतो. त्या गृहस्थांचे ऐकले तर रोपे बाहेर काढायची वेळ आणि पीक उपटून टाकायची वेळ एकच येईल. समोर बसलेल्या बायकांना हे कळत होते. कोणी बोलले नाही, कारण प्रशिक्षणात बायकांनी ऐकायचे असते आणि शेवटी सही करायची असते.

हा सल्ला जिथून उचलला आहे तिथे त्याला अर्थ आहे. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत जमीन महिनोन्‌महिने गोठलेली असते. तिथे राहणारी मराठी कुटुंबे तळघरात दिवे लावून मिरची, टमाटर, वांग्याची रोपे तयार करतात, कारण उबदार दिवस मोजके आणि ही पिके लांबणारी. त्यांचे ते शहाणपणच आहे. पण तिथले जाणते बागवानसुद्धा पालकाचे बी बहुधा थेट जमिनीतच टाकतात. बर्फ वितळून माती हाताला लागली की ज्या बिया सर्वात आधी पेरल्या जातात त्यांत पालक असतो. त्याला थंडीची भीती नाही. म्हणजे ज्या देशांतून हा उपदेश आला, तिथेही पालकाला घरात वाढवायची सक्ती नाही, आणि इथे मात्र तो आमच्या गळ्यात मारला जातो.

त्यातही तो पालक वेगळा आणि आपला वेगळा. थंड देशांतला पालक म्हणजे स्पिनॅशिया ओलेरेसिया. इराणच्या बाजूने जगभर गेलेली ही वनस्पती. तिच्यात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे, आणि तिचे बी उष्ण मातीत नीट उगवत नाही. पंधरा ते वीस अंश सेल्सिअस तिला सुखाचे. तिशीच्या वर गेले की बरेचसे बी निपचित पडून राहते. म्हणून तिकडच्या सल्ल्यात बी फ्रिजमध्ये ठेवा, गार खोलीत रुजवा, असे येते. गोंदियाच्या बाजारात जुडीने मिळतो तो पालक बीटच्याच प्रजातीतला आहे, शास्त्राच्या भाषेत बीटा व्हल्गॅरिसचा एक प्रकार. गुळगुळीत, जाड, अखंड कडेचे पान, आणि आपल्या हवेला मुरलेला स्वभाव. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच्याच 'ऑल ग्रीन' आणि 'पुसा ज्योती' या जाती दिल्या. एकदा पेरलेल्या 'ऑल ग्रीन'च्या सहा-सात कापण्या मिळतात. 'पुसा ज्योती' कोल्चिसीनची प्रक्रिया करून गुणसूत्रे वाढवून तयार केली आहे, म्हणून तिचे पान मोठे आणि मांसल. कार्तिकात आमच्याकडे दिवसा तीस अंशांच्या आसपास असते आणि रात्री गारवा असतो. या पालकाला त्याहून जास्त लाड लागत नाहीत. दोन वेगळ्या वनस्पतींपैकी एकीचे औषध दुसरीला पाजणाऱ्याने आधी बी हातात घेऊन बघायला हवे होते.

बी हातात घेतले असते तर आणखी एक गोष्ट दिसली असती. आपल्या पालकाचे खडबडीत, बुचासारखे जे बी दिसते ते एकच बी नसते; बीटप्रमाणेच तो काही बियांचा एकत्र झालेला गड्डा असतो. एका गड्ड्यातून दोन, कधी तीन-चार कोंब येतात. ट्रेच्या एका कप्प्यात एक बी टाका, असे सांगणारा माणूस त्या चिमूटभर कोकोपीटमध्ये तीन रोपांची मारामारी लावून देतो. जमिनीत हीच गोष्ट फायद्याची ठरते. दाट उगवले की दोन पानांवर आलेली जादा रोपे उपटायची आणि त्याच संध्याकाळी डाळीत टाकायची. आमच्या घराघरांत विरळणीची भाजी हीच हंगामाची पहिली भाजी असते.

आता ट्रेचा हिशेब मांडते. बाजारात मिळणाऱ्या साध्या प्रो-ट्रेला ९८ कप्पे असतात. पालक ओळीत पेरायचा तर दोन ओळींत सुमारे २० सेंटीमीटर आणि दोन रोपांत चार-पाच सेंटीमीटर अंतर ठेवतात. एका चौरस मीटरात पाच ओळी, प्रत्येकीत वीस-पंचवीस रोपे. म्हणजे शंभर ते सव्वाशे. पूर्ण ट्रे, त्यातला प्रत्येक कप्पा उगवला तरी, एक चौरस मीटर जागा धड भरत नाही. आणि प्रत्येक कप्पा उगवत नाही. बियाण्यांच्या प्रमाणीकरणात पालकाची किमान उगवणशक्ती ६० टक्के धरलेली आहे. पाच-सहा जणांच्या घराला आठवड्यातून दोनदा पोटभर पालक खायचा तर अशा किती ट्रेंची रांग लावायची? ती कुठे मांडायची? कवेलूच्या घरात, जिथे खिडकी हातभर असते आणि त्या खोलीत धानाची पोतीही ठेवायची असतात? मूठभर बी वाफ्यात ओळीने टाकायला एका बाईला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ कप्पे भरण्यात, बी मोजण्यात, रोप काढून पुन्हा लावण्यात जातो. वाचते काय? काही नाही. पेरल्यापासून महिन्याच्या आत जे पीक कापणीला येते, त्याचे पहिले दहा-पंधरा दिवस ट्रेमध्ये घालवून आणि लावणीच्या धक्क्याने आणखी काही दिवस मागे पडून कुणाचे भले होते?

आणि उजेड? उघड्या आकाशाखाली भर दुपारी एक लाख लक्सच्या घरात प्रकाश असतो. आमच्या घराच्या आतल्या खोलीत तो काही शे लक्सवर येतो, तोही खिडकी उघडी असेल तर. रोप उजेडाच्या शोधात उंच ताणले जाते, फिके पडते, मानेपाशी दोऱ्याएवढे बारीक राहते. वर कोकोपीट सतत ओले. मग पिथियमसारखी बुरशी जमिनीलगत रोप कुजवते आणि एका रात्रीत अर्धा ट्रे आडवा होतो. पालकाला सोटमूळ आहे, ते खाली जायला धडपडते; कप्प्याच्या तळाशी आपटून वळते. मोठ्या भाजीपाला शेतीत यंत्राने, नेमक्या वयाची रोपे काढून लावता येतात, हे मला माहीत आहे. ती सोय, तो खर्च, ते शेडनेट नागऱ्याच्या सांदवाडीत नाही आणि लागतही नाही.

मला सर्वात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या बायकांना हे शिकवले गेले, त्यांच्यापेक्षा रोपवाटिका जास्त कोणाला कळते? हा धानाचा जिल्हा आहे. मृगात पऱ्हे टाकायचे, तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उपटून जुड्या बांधायच्या, चिखलणी झालेल्या बांधीत कमरेत वाकून दिवसभर रोवणी करायची, हे काम इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. कोणते रोप उपटून लावल्याने जोमाने फुटते आणि कोणते रुसून बसते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. वांगी, मिरची, टमाटर, फुलकोबी यांची त्या आधी गादीवाफ्यावर रोपे करतात. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळा, गाजर त्या जागेवरच पेरतात. हा फरक त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतला नाही. पिकाने त्यांना शिकवला. त्याच बांधीत धान उभा असतानाच, पायाखालच्या ओलीवर लाखोळी, जवस फेकून उतेरा घेण्याची रीतही याच मुलखाची. नांगरट नाही, पाणी नाही, केवळ ओल आणि वेळ यांची अचूक जाण. एकाच बांधीत एक पीक लावून आणि दुसरे फेकून घेणाऱ्या माणसांना पेरणी आणि लावणी यांतला फरक समजावून सांगायला कोणी पडदा घेऊन येत असेल, तर त्याने आधी खाली बसून ऐकायला शिकावे.

धानाच्या 'एचएमटी' जातीची गोष्ट या बाजूला सगळ्यांना माहीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे खेडे. तिथल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या, आणि त्यातून आलेला बारीक, मऊ भाताचा धान अनेक राज्यांत पसरला. बांधीवर उभे राहून झाडाकडे बघणे, एवढेच त्यांचे साधन होते. ही परंपरा ज्या मुलखाची, तिथे पिकाकडे न बघता केलेला उपदेश चालू दिला जातो, याची मला लाज वाटते.

मग हा उपदेश का टिकतो? कारण त्यात विकण्यासारखे बरेच आहे. मातीत पेरलेल्या पालकातून बियाण्याच्या पाकिटापलीकडे कोणाला काही मिळत नाही. घरात पेरायचे म्हटले की ट्रे आला, कोकोपीट आले, फवारणीची बाटली आली, जांभळा दिवा आला, द्रवखताची कुपी आली. केरळ-तामिळनाडूच्या काथ्याचा भुसा विटा करून अशा जिल्ह्यात विकला जातो, जिथे राईस मिलच्या मागे तुसाचे ढीग लागतात आणि गोठ्यागोठ्यात शेणखत कुजत पडलेले असते. कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसते. म्हणून वरून पुन्हा खत विकत घ्या. माणसाला त्याच्या पायाखालची माती नालायक आहे असे पटवले, की त्याला काहीही विकता येते. आमची मोरांड माती नालायक नाही. ती भाताचे पीक पोसते, थोडे शेणखत आणि निचरा मिळाला की पालकही पोसते.

या व्यवहाराची खरी किंमत पैशांत नाही. ट्रेमधली रोपे आडवी झाली तेव्हा शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "माया हाताले गुनच नाही वो." जन्मभर रोवणी केलेल्या, वांग्याची रोपे गावाला वाटणाऱ्या बाईने हे म्हणावे! पद्धत चुकीची होती, पद्धत आणणारा चुकला होता, आणि दोष जाऊन बसला काकूंच्या हाताला. पुढच्या वर्षी त्या परसबागेच्या बैठकीला गेल्या नाहीत. हे नुकसान कुठल्याही अहवालात येत नाही. अहवालात ट्रे वाटल्याचा फोटो येतो.

आणि हे सगळे कशाच्या नावाखाली? पोषणाच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हेच आकडे ४८ आणि ५३.८ होते. म्हणजे परिस्थिती बिघडली. एकट्या पालकाने रक्तक्षय जात नाही, हेही मी स्पष्ट सांगते. पालकातले लोह शरीराला फार थोडे मिळते, सोबत लिंबू, आवळा, टमाटर लागते, डाळ लागते, गरज असेल तिथे गोळी लागते. पण ताटात रोज हिरवी भाजी असणे ही त्यातली पहिली पायरी आहे, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला शंभर ग्रॅम पालेभाजी खायला सांगते. शंभर ग्रॅम प्रत्येकी, रोज! ती खिडकीतल्या ट्रेमधून येणार नाही. ती वाफ्यातून येईल. ज्याला हा प्रश्न खरोखर सोडवायचा आहे, तो ट्रे वाटणार नाही.

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतात, त्यांना उत्तर देते. कोंबड्या बी उकरतात, शेळ्या कोवळी रोपे खातात, हे खरे. त्याला उपाय काट्यांचे कुंपण आणि वाफ्यावर जुने लुगडे. शहरात, फ्लॅटमध्ये जमीन नाही, हेही खरे. त्यांनी वीतभर खोल कुंडी किंवा तेलाचा कापलेला डबा गॅलरीत उन्हात ठेवावा, त्यात माती आणि शेणखत भरावे आणि बी थेट त्यातच टाकावे. कुंडीतून कुंडीत लावण्याची गरज नाही. पावसाळ्यात बाहेर पालक होत नाही म्हणून घरात करा, असेही सांगतात. गोंदियात पावसाळ्यात पालक कुजतो, हे मान्य. पण पावसाळ्यात पालकच खायला हवा असे कोणी सांगितले? तेव्हा तरोटा असतो, अंबाडी असते, लाल भाजी असते, पोई कुंपणावर चढलेली असते. त्या ऋतूची भाजी सोडून बंद खोलीत दिव्याखाली पालक उगवायचा, वीज जाळायची, आणि दारासमोर उगवलेला तरोटा तण म्हणून उपटून फेकायचा, याला मी पोषणाचे काम म्हणणार नाही.

करायचे काय, ते सरळ सांगते. पाऊस थांबला, हलका धान कापणीला आला की सांदवाडीत उन्हाची जागा निवडा. पाणी साचणार नाही असा वाफा करा, मुरलेले शेणखत मिसळा. पालकाला आम्लधर्मी माती सोसत नाही. तशी असेल तर थोडा चुना किंवा चुलीची राख मातीत मिसळा. पाकीट घेताना त्यावरची उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत वाचा. ही माहिती छापायला १९६६ च्या बियाणे कायद्याखालचे नियम सांगतात. निळे लेबल प्रमाणित बियाण्याचे, हिरवट लेबल सत्यतादर्शक बियाण्याचे. लेबलच नसलेले सुटे पाकीट दुकानदाराला परत द्या. औषध लावलेले रंगीत बी हाताळून झाले की हात धुवा आणि उरलेले बी मुलांपासून दूर ठेवा. बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी ओळीत, बोटाच्या पेराएवढे खोल पेरा. वरून तणसाचा पातळ थर द्या, झारीने पाणी घाला. कोंब दिसताच तणस काढा. दाट रोपे विरळ करून खा. महिन्याच्या आसपास जमिनीपासून दोन बोटे वर विळ्याने कापा, मधला कोंब राखा. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापणी. पहिला वाफा उगवला की दुसरा पेरा, दर पंधरवड्याला एक, पौषापर्यंत. एवढेच. याला पडदा लागत नाही.

आणि ज्यांच्या हातात योजना आहेत त्यांना माझी मागणी अशी. परसबागेचे प्रशिक्षण वाफ्यावर घ्या, सभागृहात नाही. शिकवायला हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातला जाणकार बोलवा आणि त्याच्या शेजारी गावातली एक अशी बाई बसवा, जिने वीस हंगाम पालक पेरला आहे. तिला मानधन द्या, कारण ज्ञान तिचेही आहे. ट्रे द्यायचेच असतील तर वांगी-मिरचीसाठी द्या. उरलेला पैसा चांगल्या बियाण्यावर, कुंपणाच्या जाळीवर आणि विहिरीपासून वाफ्यापर्यंतच्या पाइपवर खर्च करा. योजनेचे यश ट्रे मोजून ठरवू नका. फेब्रुवारीत किती घरांच्या ताटात पालेभाजी होती ते मोजा. आणि जो कोणी पुढच्या हंगामात आमच्या बायकांना पालक घरात उगवायला सांगेल, त्याला आम्ही आधी सांदवाडीत नेऊ, हातात विळा देऊ आणि वाफा दाखवून विचारू की यात काय कमी आहे. उत्तर नसेल तर त्याने आल्या वाटेने परत जावे.